जोडीतली दुसरी समई

श्रावण उतरणीला लागला की माझ्या बोटांना आंबट वास येऊ लागतो. बिंबलांचा वास. परसातलं बिंबलीचं झाड अगदी खोडापर्यंत पोपटी फळांनी लगडतं आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आल्याचं कॅलेंडरच्या आधी तेच सांगतं. बिंबल उभं चिरायचं, राखेत बुडवायचं आणि पितळेवर घासत राहायचं. आधी काळा फेस येतो, मग हिरवट. वरून पाणी ओतलं की खालचं पिवळं अंग एकदम उघडं पडतं. पूर्वी मी हे पाटावर बसून करत असे, आता कदेलीवर बसते, म्हणजे खुर्चीवर. क्रम मात्र तोच आहे. आधी तांबे, मग पंचपात्री, मग घंगाळ आणि सगळ्यांत शेवटी समया. एक समई घासून, पुसून, पुन्हा जोडून जागेवर ठेवल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. हा नियम या घरात कुठून आला, ते तुम्हाला सांगायला हवं.

सई, तू टोरांटोहून पाठवलेला फोटो पाहिला. नवीन घेतलेली समई देखणी आहे. खाली लिहिलंय, हाताने घडवलेली, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. पिढ्या टिकली हे पिढ्या गेल्यावर लिहायचं असतं, विकताना नाही. तुला म्हटलं, खिळ्याने वाजव, मी ऐकते. तू बिचारीने चमच्याने वाजवलीस. फोनमधून नुसतं टण्‌ आलं. मेलबर्नहून तुझा भाऊ निहारही त्याच कॉलवर होता, त्याने स्वयंपाकघरातलं स्टीलचं पातेलं वाजवलं. तेही टण्‌. निहार म्हणाला, "आजी, तू पोलिसात जायला हवी होतीस." त्यानंतर तुम्ही दोघांनी मुद्द्याला हात घातला. आपल्या घरातल्या जोडीतली एकेक समई तुम्हाला हवी आहे, आणि सईचा प्रश्न असा, की त्यातली ओरिजिनल कुठली?

त्या एका शब्दावर मी गेले चार दिवस बिंबलं चिरते आहे.

हा संशयी स्वभाव मी माहेरून आणलेला नाही. केरीला आमची घागर विहिरीच्या कठड्यावर रात्रंदिवस असायची, कोणी नेली नाही. नेली असती तर दुसऱ्या दिवशी परत ठेवली असती. तिथे पितळेचा शत्रू एकच, खारा वारा. आज घासलेली घागर परवा कानाशी हिरवी पडायची आणि आई म्हणायची, समुद्राने हात लावला. तेरेखोलच्या नदीवरून फेरीबोट यायची, तिच्या इंजिनाचा आवाज त्या घागरीत ओणवं होऊन ऐकला की गोल व्हायचा. मी लग्न होऊन डिचोलीला आले तेव्हा इथल्या पितळेवर खारं काही नव्हतं, तांबडी धूळ होती. शिरगावच्या खाणीवरून मातीचे ट्रक जायचे, त्यांची धूळ जनेलांच्या, म्हणजे खिडक्यांच्या, फटींतून आत यायची आणि देवखोलीतल्या समयांच्या ताटल्यांत तेलावर साय धरावी तशी धरायची. मी बेळगावला इंग्रजी शिकून आलेली, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. घरात शिस्त मला आवडायची आणि तुमच्या पणजीला, माझ्या सासूबाईंना, त्याहून जास्त. त्यांना सगळं गाव मांय म्हणायचं. आमचं पटत असे ते त्या शिस्तीमुळेच. एकमेकींच्या कामात आम्हाला चूक सापडत नसे, मग भांडायचं कशावरून?

संशय शिकवला तो भाषेच्या वादाच्या दिवसांनी. तुम्हाला ते सांगून पटायचं नाही. गोव्याची भाषा कोकणी की मराठी, यावर तेव्हा माणसं एकमेकांच्या ओट्यावर चढेनाशी झाली होती. तुमचे आजोबा मराठीच्या बाजूचे. त्यांच्या पोथ्या मराठी, आरती मराठी, शाळेची पहिली पाटी मराठी. आणि मराठीची बाजू मांडताना ते घरात जे काही तावातावाने बोलायचे ते सगळं कोकणीत. मी एकदा हसले तर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मला मात्र दोन्ही बाजूंचे लोक निरखून घ्यायचे. इंग्रजी शिकवते म्हणजे ही कोणाची, हा प्रश्न होताच. बाजारात भाजी मागितली तरी समोरचा आधी शब्द तपासायचा, मग भेंडे मोजायचा.

आमच्या घरच्या भांड्यांची डागडुजी पुंडलीक कांसार करायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील. कांसारआळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हातोड्याचा ठोका आमच्या जेवणाला असायचाच, तो थांबला की मांय म्हणायची, पुंडलीक जेवायला बसला वाटतं. दर श्रावणात ते आमच्या आंगणात येऊन बसत. तुवालो, म्हणजे पंचा, अंथरायचा, भाता मांडायचा, आणि मांयने एकेक भांडं समोर आणून ठेवायचं. ठेवताना तक्रार करायची.

"ह्या तांब्याक गेल्या वर्षी तू पोचो काढलास, तो परत इलो."

"पोचो परत येयना वयनी. तुमी परत पाडतात."

ही दोघांची बोलणी ऐकायला मी शाळेतून लवकर यायचे. पण वादाच्या त्या वर्षी पुंडलीक कोकणीच्या सभेला गेले, पुढच्या रांगेत बसले, आणि तुमच्या आजोबांनी ते पाहिलं. आमच्या आंगणात भाता पेटणं तिथे संपलं.

त्याच वर्षीची चवथ झाल्यावरची एक दुपार. गणपती पोचवून झाले होते, मातोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीची, फळं वाटून झाली होती, तोरिंजनाचा, म्हणजे पपनसाचा, वास तेवढा घरात राहिला होता. मांय आणि मी आंगणात समया घासायला बसलो. आपल्या समया तुम्ही पाहिल्या आहेत. बैठक, वर दांडा, मग ताटली, मग शेंडा, सगळे भाग फिरवून आट्यांवर बसवलेले. ही जोडी कोण्या कांसाराने हाताने केलेली, म्हणून आटेही हाताचे. एकीचा दांडा दुसरीच्या बैठकीत नीट बसत नाही. म्हणून मांयची पद्धत अशी, की एक समई एका घंगाळात, दुसरी दुसऱ्यात. भाग सगळे सुटे करून भिजत घातले होते आणि तेवढ्यात बाजाराच्या बाजूने घोषणा ऐकू आल्या. मोर्चा कुठल्या बाजूचा होता ते आता मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही भिंतीपलीकडून कळलं नव्हतं. काचा फुटल्याचा आवाज आला. मांय म्हणाली, "उचल, उचल." आम्ही हाताला येईल ते एका घंगाळात टाकलं, ते घंगाळ दोघींनी धरून आत ओढलं आणि दाराला आडणा घातला. संध्याकाळी शांत झाल्यावर काळोख्या देवखोलीत मांयने समया जोडल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि माळ्यावर ठेवून दिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. पेढे वाटले गेले, वाटणाऱ्याचा हात पाहून खाल्ले गेले. पाऊस आला, रस्ते तांबड्या चिखलाने भरले, आणि श्रावणात आम्ही समया खाली काढल्या तर उजवीकडची डुलत होती. ताटलीत तेल घातलं की एका अंगाला कलायची. गणपतीपुढे डुलती समई ठेवायची नाही. कांसाराकडे द्यायला हवी, आणि डिचोलीत चवथीच्या आधी मांयचा विश्वास असलेला कांसार एकच. आजोबा म्हणाले, म्हापशाला देऊ. मांय म्हणाली, म्हापशाचा कांसार माझ्या सासऱ्याला ओळखत होता काय? शेवटी ठरलं, पुंडलीककडेच द्यायची, पण घरी बोलवायचं नाही. मी नेऊन द्यायची. मी दोन्ही समया फडक्यात बांधायला घेतल्या तर मांयने माझ्या हातावर हात ठेवला.

"दोनूय दिव नको. एकच दी."

"जोडी एकत्र पाहिली तर त्यांना बरं पडेल."

"एक घरात रवली तर दुसरी बदलल्याचा कळता."

एवढी वर्षं याच माणसाच्या समोर तिने देवघर उपडं केलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने नजर फिरवली. दुसरी समई देवखोलीत भिंतीला टेकून राहिली.

पुंडलीकनी ती चार-पाच दिवसांनी शेजारच्या पोराबरोबर पाठवली. लखलखीत, आणि खांबासारखी घट्ट. मांयने ती दुसरीच्या शेजारी ठेवली, डोळे बारीक करून पाहिलं आणि खिळा मागितला. आमच्याकडे पितळ डोळ्यांनी तपासत नाहीत. तिने एकीवर टिचकी दिली, मग दुसरीवर. एकीचा आवाज लांब गेला, दुसरीचा मधेच बसला. शिवाय आलेली समई दुसरीपेक्षा जराशी उंच दिसत होती.

"ही आमची न्हय," मांय म्हणाली. "बदलल्यान."

आजोबा पेपर खाली ठेवून आले. मी त्यांना बाजू घेताना अनेकदा पाहिलं होतं, पण एखादी गोष्ट वाईट निघावी अशी इच्छा त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथम दिसली. "सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आधी नीट पाहूया. पण मांय तोवर विहिरीवर, आमच्या बांयवर, गेली होती, आणि विहिरीपलीकडे शेजारची शांता कपडे धूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर पाव घेऊन आला. पाव मोजता मोजता विचारतो, "टीचर, तुमची समई बदलली म्हण?" संध्याकाळी शाळेतून येताना कांसारआळीच्या तोंडाशी दोन बायका दिसल्या. दोघींच्या डोक्यावर न दुरुस्त झालेली भांडी होती. परत आणलेली. चवथ तोंडावर, कांसाराच्या वर्षाच्या कमाईचे दिवस, आणि माणसं भांडी परत नेत होती. हातोडा वाजत नव्हता. जेवताना ती शांतता मांयलाही ऐकू आली असणार. पण ती भात कालवत राहिली.

मला झोप लागेना असं मी म्हणणार नाही, मला झोप नेहमी लागते. पण सकाळी उठून मी नेहमीसारखी वही काढली नाही, समया काढल्या. आलेली समई उलटी केली. सांध्याला झाळ, म्हणजे डाख, देताना भट्टीच्या धगीने जुनं किटण जळून गेलं होतं आणि बैठकीच्या आतल्या कडेवर छिन्नीची एक रेघ स्पष्ट दिसत होती. दांड्याच्या खालच्या कडेवर दोन रेघा. मला काही बोध झाला नाही. मग घरातली दुसरी समई फिरवून सुटी केली. तीसुद्धा डुलत होती. भिंतीला टेकून होती म्हणून कोणाला कळलं नव्हतं. जुन्या टूथब्रशने आणि बिंबलाने तिची कड घासत गेले. बैठकीवर दोन रेघा निघाल्या. दांड्यावर एक.

मी मांयला हाक मारली. तिने चारही तुकड्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला. एक, दोन. दोन, एक. मग ती घंगाळाकडे पाहत बसली, मोर्च्याच्या दिवशी सगळं टाकलं होतं तेच घंगाळ. आणि म्हणाली,

"म्हणजे चोर घरातलोच."

आणि उठून भात टाकायला गेली.

मी त्याच पावली दुसरी समई घेऊन कांसारआळीत गेले. घरात विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मला माहीत होतं. पुंडलीक दुकानाच्या पायरीवर रिकामे बसले होते. मी समई पुढे ठेवली, रेघा दाखवल्या. वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा आणखी काळवंडला.

"टीचर, शाळेतली भुरगी पुरी जाली नाय? आता माझी परीक्षा?"

"कसली परीक्षा?"

"झाळ दिली, मग काट जळली, मग खुणा दिसल्यो. तवाच कळला माका. एकीची बैठक, दुसरीचो दांडो. मुद्दाम धाडल्यात. कांसार पकडता की नाय, बघूया."

मी म्हटलं, पुंडलीकबाब, तुम्हाला दिसलं होतं तर सांगितलं का नाही? ते म्हणाले, "सांगीतला आसता तर तुमी म्हणाला आसतात, दुसरी समई हाका कशी ठावक?"

खरंच तसंच म्हणाले असते घरचे. भट्टीपुढे बसून हा माणूस आमच्यावर पाळत ठेवून होता आणि देवखोलीत बसून आम्ही त्याच्यावर. दोन्ही समया एकत्र पाठवल्या असत्या तर त्यांनी दांडे नुसते अदलाबदल करून फिरवले असते, झाळ द्यायची वेळच आली नसती. आता ती झाळ निघत नव्हती. काढायला गेलं तर आटे जाणार होते.

"दुसरीकय तशीच झाळ दितंय," ते म्हणाले. "दोनूय घट रवतील. पण ती हंय ठेवची लागतली."

मी समई ठेवली आणि रिकाम्या हाताने परतले. आमच्या घरापर्यंतचा रस्ता तो केवढा, पण त्या दिवशी मला तो फार लांब वाटला. मांय बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, उभी होती. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"दुसरी खय?"

"ठेवली."

ती बाल्कांवातून हलली नाही. थोड्या वेळाने कांसारआळीतून हातोड्याचा ठोका आला आणि ती मान किंचित कलती करून तो ऐकत राहिली. आपलं पितळ वाजतंय की दुसऱ्याचं, ते तिला तिथूनही कळत असावं असं मला उगीचच वाटलं.

तय म्हणजे चवथीची आदली सकाळ. मातोळी बांधायचं काम चालू होतं. कवाथे, सुपारीचे घोस, चिबूड, रानातल्या लाल-पिवळ्या शेंगा, सगळं भिंतीशी पसरलेलं. पुंडलीक स्वतः आले. तुवाल्यात गुंडाळलेली समई त्यांनी पायरीवर ठेवली आणि पायरीच्या खालीच उभे राहिले. आजोबा शिडीवर होते, ते मातोळीच्या दोऱ्यांत फारच गुंतले. मांय आत गेली आणि पहिली समई घेऊन आली. दोन्ही तिने बाल्कांवाच्या कठड्यावर ठेवल्या, जिथून रस्ता दिसतो आणि शांतेचं आंगणही दिसतं. मग खिळा काढला.

पुंडलीकनी मान खाली घातली. मलाही तो क्षण नकोसा झाला, कारण काय होणार ते मला ठाऊक होतं. दुसरीलाही झाळ दिली म्हणून आवाज थोडाच एक होणार होता.

तिने एकीवर वाजवलं. लांब गेलेला आवाज. दुसरीवर वाजवलं. मधेच बसलेला. शिडीवरच्या आजोबांनाही फरक कळला, त्यांचे हात थांबले.

"एकच आवाज," मांय म्हणाली. मोठ्याने. "ऐकलंस गो शांते? एकच. आमचीच समई ती. कोण म्हणता बदलली?"

कुंपणापलीकडून शांता म्हणाली, "तूच सांगलंस मगे माका, बांयवर."

"माका त्या दिवशी थंडी होती. कान बंद जाले होते."

शांतेने कपडे झटकले. रस्त्यावरचा पदेर सायकल धरून उभा होता, त्याने ऐकलं. त्याने ऐकणं पुरेसं होतं. पुंडलीकनी मान वर केली, दोन्ही समयांकडे पाहिलं, मग मांयकडे.

"आता उघडले मा कान, वयनी?"

"उघडले. वर ये. चाय घे."

ते वर आले. आजोबा शिडीवरून उतरले आणि त्यांनी मातोळीची दोरी पुंडलीकच्या हातात दिली, कारण दुसरं टोक धरायला कोणीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी आरतीला पुंडलीक आले. कोकणीच्या सभेला पुढच्या रांगेत बसणाऱ्या त्या माणसाने सगळ्या आरत्या मराठीतून, एकही शब्द न चुकवता म्हटल्या, आणि आजोबांनी कोकणीत त्यांना आणखी पातोळ्या घ्यायचा आग्रह केला. हे दोघं वाद मात्र पुढेही घालत राहिले, मरेपर्यंत.

मांयने "एकच आवाज" असं का म्हटलं, ते मी तिला कधी विचारलं नाही. तिला खरंच तसं ऐकू आलं असेल, हेही शक्य आहे. मी इतकी वर्षं त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला आहे आणि तो पुरता बसत नाही.

तर सई आणि निहार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ओरिजिनल एकही नाही, किंवा दोन्ही आहेत. प्रत्येकीचा खालचा भाग दुसरीचा आहे, आणि ते आता सुटणार नाहीत. पत्रिका जुळावी तशा जुळलेल्या नाहीत, भीतीने एका घंगाळात पडल्या आणि संशयाने झाळल्या गेल्या. टिकल्या मात्र. तुम्ही एकेक नेलीत तर मी हरकत घेणार नाही. फक्त नेल्यावर एकदा उलटी करून कडेवरच्या रेघा पाहा, आणि तुमच्यापैकी कोणीही त्यात विजेचा बल्ब बसवायला ड्रिल लावलंत तर मला कळेल.

काल दुपारी समया घासून झाल्या. एक पूर्ण जोडून मगच दुसरी. सईचा फोन आला तेव्हा दोन्ही बाल्कांवाच्या कठड्यावर उन्हात होत्या. मी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि खिळा घेतला. आधी उजवी वाजवली, मग डावी. इथे मला स्पष्ट ऐकू आलं, एक लांब गेली, एक बसली.

"काय गो, कसा वाटला आवाज?" मी विचारलं.

सईने फोन कानाशी नेला. मग म्हणाली, "सेम आहे, आजी."

फोनमधून सगळं पितळ एकसारखंच वाजतं, हे मला माहीत आहे. पुन्हा वाजवून विचारता आलं असतं. मी खिळा डब्यात ठेवला.